डाव्या हातावरची पूर्णिमा

सावली गावाकडच्या त्या जत्रेत मी मूर्खपणा केला असता तर चाललं असतं. मी शहाणपणा केला, आणि तो पुढे अठ्ठावीस वर्षं एका माणसाच्या हातावर राहिला.

गोष्ट शहात्तर सालची. आमच्या शेजारच्या अविनाशरावांना रेल्वेच्या वर्कशॉपमधून रजा मिळेना, पद्मावहिनींना उन्हात घेरी यायची, म्हणून त्यांच्या सहा वर्षांच्या लेकराला जत्रा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच बडोद्यात पाणीगेटच्या शाळेत गणिताचा मास्तर झालेला. म्हणजे जगातल्या सगळ्या मुलांचं भलं कशात आहे हे नेमकं ठाऊक असण्याचं वय.

"जनूभावजी, बांगड्या घेऊन द्या, खायला घाला आणि दिवेलागणीच्या आत परत आणा," वहिनींनी बजावलं. "आणि पाळण्यात बसवू नका."

पाळण्यात मी बसवलं नाही. एवढी एक सूचना मी अक्षरशः पाळली.

पाळण्याच्या पलीकडे एक गोंदणारा बसला होता. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारं, गांधीलमाशीसारखं गुणगुणणारं यंत्र होतं आणि मागे नमुन्यांची पाटी होती. मोर, त्रिशूळ, फूल, विंचू. एक धिप्पाड भरवाड मेंढपाळ दंडावर विंचू काढून घेत होता. आमचं लेकरू त्याच्यासमोर जे उभं राहिलं ते हलेना.

"मला तो पाहिजे."

"विंचू मुलींच्या हातावर चांगला दिसत नाही."

"मग मोठा काढा."

मी मास्तरी विचार केला. मुलीची जात. उद्या स्थळं येतील, चहाचा कप पुढे करताना बाही सरकली आणि नांगी वर केलेला विंचू दिसला तर पाहुणे कप तिथेच ठेवतील. पण पोराची हौसही मोडू नये. मग मध्यम मार्ग म्हणून मी गोंदणाऱ्याला म्हटलं, "भाई, हाथ पर नाम लखो. पूर्णिमा." तो गुजराती, त्यानं बिनशिरोरेघेची, चांगली टपोरी अक्षरं मनगटापाशी सुरू केली आणि आतल्या अंगानं कोपराच्या दिशेनं नेली. सुई चालू असताना लेकरानं हूं की चूं केलं नाही. पुसून झाल्यावर हात डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "हे काय?"

"तुझं नाव."

"हे नको."

आणि मग सावली ते बडोदे एस.टी.त अखंड रडणं. मला वाटलं, सुई दुखली असेल. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. "लेकराच्या हाताला दुकानासारखी पाटी लावून आणलीत!" एवढंच एकदा म्हणाल्या. अविनाशराव मात्र समजूतदार. म्हणाले, "असू दे. कधी हरवली तर पोलीस बरोबर आणून सोडतील."

त्या लेकराला आता अर्धा मकरपुरा ध्रुवभाई म्हणून ओळखतो. आणि ध्रुवभाई हरवला तर पोलिसांना त्या पाटीचा काडीइतका उपयोग होणार नाही.

शाळेच्या दाखल्यावर काहीही असो, मी इथून पुढे 'तो' असंच लिहिणार आहे. कारण जत्रेत विंचवासमोर उभा होता तोही ध्रुवच. मला दिसला नाही, हा माझ्या चष्म्याचा दोष.

मधल्या वर्षांत काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर पुस्तक होईल, म्हणून थोडक्यात. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. अविनाशराव गेले. देशाचे दरवाजे उघडले, मकरपुऱ्यातले कारखाने एकाएकी जर्मनीला माल पाठवू लागले, आणि जर्मन लोक केसाच्या विसाव्या भागाचाही फरक खपवून घेत नाहीत हे कळल्यावर 'क्वालिटी' हा शब्द तिथे देवासारखा बसला. ध्रुव त्या देवाचा पुजारी झाला; इन्स्पेक्टर म्हणतात त्याला. मग त्यानं ती नोकरी सोडली. हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली, मुंबईला जाऊन छातीचं ऑपरेशन करून घेतलं, गॅझेटात नाव बदललं, वर्षभर आवाज फुटण्याची वाट पाहत घरात बसला आणि दोन हजार साली, जिथे कुणी ओळखत नव्हतं अशा दुसऱ्या कारखान्यात, दाढीमिशांसकट हजर झाला.

वहिनींनी हे कसं घेतलं? पहिली दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस ताट वाढून हाक मारायची वेळ आली. पूर्णिमा म्हणावं तर तो येत नाही, ध्रुव म्हणावं तर जीभ वळत नाही. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो इन्स्पेक्टर, जेवायला या!" तेव्हापासून घरात तो इन्स्पेक्टर. समोरच्या नयनाबेननी पहिल्या दिवशी डोळे मोठे केले, दुसऱ्या दिवशी ढोकळा आणून दिला, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांचा गॅसचा सिलिंडर उचलायला ध्रुवलाच हाक मारू लागल्या. नव्या पुरुषाचा गल्लीला पहिला उपयोग हा.

कारखान्यात त्याचा दरारा होता. त्याच्याकडे एक गेज असे, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. चुकलं की पीसवर लाल रंगाचा ठिपका. फोरमन फत्तेसिंहराव, वय अठ्ठावन्न, मिशा पाहून माणसानं मुजरा करावा अशा, त्यांच्या अख्ख्या पेटीवर एकदा ध्रुवनं लाल ठिपके मारले होते.

"अरे, थोडं तरी डोळ्याआड कर ना ध्रुवभाई! आपण मराठी माणसं."

"गेजला मराठी येत नाही, राव."

पण हाच माणूस चहाच्या सुट्टीत एकदम लहान व्हायचा. शेडच्या मागे एक लांब भिंत होती आणि सुट्टीची घंटा झाली की सगळे तिथे लघवीला रांगेनं उभे राहायचे. कामगारांचं खरं पार्लमेंट ते. क्रिकेट, युनियन, सुपरवायझरची बायको, सगळे ठराव तिथे पास. ध्रुव मात्र टोकाच्या, दार असलेल्या संडासाकडे जायचा. "शेठ निघाले बंगल्यावर," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. द्वेषानं नाही, नुसतंच हसायचे. दाराला आतून कडी लावून ध्रुव ते हसणं ऐकायचा. पुढचा विनोद काय झाला ते त्याला कधीच कळायचं नाही, कारण तो बाहेर येईपर्यंत भिंत रिकामी झालेली असे.

हातावरच्या नावाचा तिथे वेगळाच इतिहास झाला होता. एकदा उकाड्यात बाही वर गेली आणि फत्तेसिंहरावांना ती टपोरी अक्षरं दिसली. पुढचा अभ्यास त्यांनीच केला. मनगटापासून कोपराकडे जाणारं बाईचं नाव, वर माणूस अविवाहित, वर असा अबोल!

"कुठे असते ती?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

ध्रुव काय सांगणार? म्हणाला, "लांब गेली."

"लग्न झालं?"

"नाही. पण आता परत यायची नाही."

फत्तेसिंहरावांचे डोळे पाणावले. त्या दिवसापासून त्याला लग्नाबद्दल कुणी छेडलं नाही, आणि डब्यात कुणी गोड आणलं की पहिला घास ध्रुवभाईला. माझ्या जत्रेतल्या शहाणपणाचा एवढाच काय तो फायदा झाला.

दर जानेवारीत, उत्तरायण उलटलं की, कारखान्याची सहल सावलीच्या पुढे महीच्या काठी जाई. वांगी-बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि नदीत डुंबणं. पंचवीस-तीस पुरुष चड्डीवर पाण्यात, आणि काठावर झाडाखाली तीस पँटी, तीस घड्याळं आणि ध्रुव. "मला पाण्याची भीती वाटते," असं त्यानं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. खरं म्हणजे लहानपणी शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत पहिला यायचा. आता दर वर्षी तो नदीकडे तोंड करून दुसऱ्यांच्या पँटींच्या ढिगाशेजारी बसायचा आणि पाण्यात कोण कसा सूर मारतो ते इन्स्पेक्टरच्या नजरेनं पाहायचा. कुणाचे पाय वाकतात, कुणाचं पोट आधी आपटतं, ते त्याला चुकत नसे. लाल ठिपका मारायची सोय नव्हती एवढंच.

खालच्या अंगाचं ऑपरेशन असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण कसं असतं, काय होतं, हे पाहायला मिळालं दोन हजार तीनमध्ये, सयाजीगंजातल्या एका सायबर कॅफेत. मला बरोबर नेलं. का, तर "पडद्याआड एकटा माणूस बसला की मालक संशय घेतो, काका. म्हातारा माणूस बरोबर असला की वाटतं, पोराच्या अमेरिकेच्या व्हिसाचं काम असेल." मी पन्नाशीचा. म्हातारा!

त्यानं काहीतरी टाइप केलं, आणि एका परदेशी माणसाचा फोटो उतरायला लागला. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे विहिरीतून पोहरा ओढणं. आधी केस आले. मग कपाळ. दोन मिनिटांनी चष्मा. मग भरघोस दाढी, रुंद खांदे, छातीवर दोन फिकट व्रण, पोट, बेंबी. आणि थांबलं.

"सर्वर डाउन छे!" बाहेरून मालक ओरडला. "पाच मिनिट बेसो!"

पाच मिनिटांची वीस झाली. पडद्यावर बेंबीपर्यंतचा तो माणूस आमच्याकडे बघून हसत होता. ध्रुव खुर्ची पुढे ओढून बसला होता.

"इथपर्यंत अगदी माझ्यासारखा आहे, नाही?"

"हो रे. व्रणसुद्धा तिथेच."

"पुढचं येईल."

"उद्या येऊ परत."

"नाही काका. बसू या." थोड्या वेळानं म्हणाला, "मला आयुष्यभर असंच वाटत आलंय. इथपर्यंत आलंय, पुढचं येतंय."

त्या दिवशी पुढचं आलं नाही. त्यानंतरचे चार रविवार तो एकटाच गेला. मालकाचा संशय वगैरे विसरून.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही सकाळच्या गाडीनं मुंबईला गेलो. सर्जनच्या फॉर्मवर 'नातेवाईक' असा रकाना होता, तिथे मी 'काका' असं लिहून सही केली. सर्जन मध्यमवयीन, शांत, बोलताना सतत काहीतरी काढून दाखवणारे. ध्रुवचा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसावर त्याचा लगेच विश्वास बसतो.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक लहान ऑपरेशन: इंजेक्शनांनी जे वाढलंय तेच मोकळं करायचं. धोका कमी, संवेदना शाबूत, पण आकार लहान, आणि उभं राहून लघवी जमेलच असं नाही. दुसरं मोठं: हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट काढून तिचा अवयव बनवायचा. तीन टप्पे, वर्ष-दीड वर्ष. शंभरातल्या तिसांना, कधी चाळिसांना, आतली नळी कुठेतरी गळते किंवा आवळते. मग पुन्हा टाके. आणि काहीच न करणं, हाही एक रस्ता आहे, असं ते म्हणाले. काहीच न करता आनंदात राहणारे पुष्कळ असतात.

"काम कोणत्या हातानं करता?"

"उजव्या."

"मग डावा दाखवा."

ध्रुवनं बाही वर केली. डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं आतल्या अंगावर एक लांबट चौकोन आखायला घेतला आणि मध्येच पेन थांबलं.

"हे गुजरातीत काय लिहिलंय?"

"नाव."

"ध्रुव?"

"नाही. आधीचं."

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो; अपराधी माणसाला पंख्याचा फार आधार असतो. मग डॉक्टरांनी चौकोन पुरा केला. नाव बरोबर आतच आलं.

"केस नसलेली बाजू ही. हिची आतली नळी होते," ते म्हणाले. "म्हणजे नाव आत जाईल. बाहेरून कुणाला दिसणार नाही. नको असेल तर आधी लेझरनं काढता येईल. किंवा मांडीची कातडी घेऊ. ती जाड असते, इतकं चांगलं जमत नाही. घाई नाही. जानेवारीअखेर कळवा."

ध्रुवनं एकच प्रश्न विचारला, "टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त होऊ शकतं?"

डॉक्टर हसले. "माणसाच्या कातडीला ते छापून येत नाही हो."

परतीच्या गाडीत सुरत गेलं तरी मी तोंड उघडेना. शेवटी नर्मदेच्या पुलावरून गाडी खडखडत गेल्यावर म्हणालो, "ध्रुव, माझं चुकलं बघ त्या वेळी. तुला विंचू पाहिजे होता, काढू द्यायला हवा होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटला. "बरं झालं नाही काढू दिलात! काका, त्या जागी विंचू! कल्पना तरी करा!"

समोरच्या बाकावरच्या गुजराती काकूंनी न समजताच आम्हाला गुळाची सुखडी देऊ केली.

तो जांभळा चौकोन त्यानं पुसला नाही. अंघोळीला डावा हात बादलीपासून लांब, उंच धरायचा. कारखान्यात बाही मनगटापर्यंत बंद. पाच दिवस जपला. सहाव्या दिवशी वहिनींनी पकडलं. त्या मेथी निवडत होत्या, मी पेपर वाचायला त्यांच्याकडे बसलेलो. ध्रुवनं पाणी घ्यायला हात उचलला.

"हे काय? जाहिरात चिकटवायची आहे?"

तो खाली बसला आणि आईला सगळं सांगितलं. लाजत, थांबत, पण सगळं. वहिनी मेथीची पानं खुडत ऐकत होत्या.

"म्हणजे हातातलं काढून तिकडे लावायचं."

"हो."

"आणि हाताला काय?"

"मांडीची पातळ साल काढून लावतात."

"आणि मांडीला?"

"ती भरून येते आपोआप."

"म्हणजे पाहुणे आले की आपण करतो तसं," वहिनी म्हणाल्या, "प्रत्येकानं एकेक अंथरूण सरकायचं."

मी पेपरामागे हसलो. ध्रुवही हसला. वहिनी हसल्या नाहीत.

"आणि माझी पूर्णिमा?"

"ती आत जाईल. नाहीतर डॉक्टर म्हणतात, आधी पुसून टाकू."

वहिनींनी मेथीच्या दोन-तीन काड्या मोडल्या. "पुसायला वेगळं भाजून घ्यायचं कशाला? आत जातंय तर जाऊ दे आत." मग पुढची जुडी ओढून, "पण मला एक सांगा, इन्स्पेक्टर. तुम्ही मनानं मुलगा आहात हे मी मानलं. लोकांनी मानलं. सरकारनं मानलं. मग राहिलं काय?"

"आई, मनानं उभं राहून लघवी करता येत नाही."

"तुझे बाबा जन्मभर बसूनच करत," वहिनी फाडकन म्हणाल्या. "कानाला जानवं अडकवून. ते काय कमी पुरुष होते?"

माझेही वडील तसेच. ध्रुव उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. वहिनींनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

"हात चांगला चालता आहे हो त्याचा," त्या मला म्हणाल्या. "लहानपणी तापात तोच डावा हात माझ्या गळ्यात टाकून झोपायचं ते. चालता हात कशाला कापायचा, भावजी?"

'बसूनच करत' या आईच्या एका वाक्यानं ध्रुवची दोन महिने झोप उडवली. आपण खरोखर भिंतीसाठीच हे करतोय का? टेबलावर रोज गेज चालवताना तो मनात दुसरंच मोजत होता. शंभरात तीस परत येणारा माल त्यानं आयुष्यात कधी गेटबाहेर जाऊ दिला नव्हता. असा पुरवठादार त्यानं यादीतूनच काढला असता. लहान ऑपरेशन करावं? की 'इथपर्यंत आलंय' यावरच समाधान मानावं? जानेवारी उजाडला तरी त्यानं डॉक्टरांना कळवलं नव्हतं.

मग सहल आली. मही, झाड, पँटींचा ढीग, घड्याळं. ऊन असं छान होतं की दगडसुद्धा उबदार. या वर्षीही "चालो ने ध्रुवभाई!" झालं, "भीती वाटते" झालं. तो बसला. थोड्या वेळानं फत्तेसिंहराव धापा टाकत पाण्यातून वर आले. पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी ओली होऊन चिकटलेली. ध्रुवसमोर उभे राहिले, एका हातानं मिशीतलं पाणी निपटलं आणि दुसऱ्या हातानं, अगदी निर्धास्त, जिथे खाजत होतं तिथे खाजवलं. खाजवता खाजवताच विचारलं, "पुऱ्या तळायला घेतल्या का रे?"

बस्स. एवढंच. पण ध्रुवला तिथे हुंदका आला.

हे मला त्यानं नंतर सांगितलं. त्याला एकदम उमगलं होतं. भिंत नव्हे, रांग नव्हे, उभं राहणं-बसणं नव्हे. बाबा बसत होते, बरोबर. पण बाबांना बसताना कधी विचार करावा लागला नव्हता. फत्तेसिंहरावांनी त्या क्षणी स्वतःच्या अंगाचा जितका कमी विचार केला, तितका कमी ध्रुवनं चौतीस वर्षांत एक दिवसही केला नव्हता. म्हणजे, केला नाही असा एक दिवस गेला नव्हता. त्याला ते हवं होतं. आपल्याजवळ आहे हे विसरून जावं आणि पुऱ्यांची चौकशी करावी, इतकं आपलं.

"शुं थयुं?" फत्तेसिंहरावांनी घाबरून विचारलं. मग नजर बाहीकडे गेली आणि त्यांचा ओला हात ध्रुवच्या खांद्यावर आला. "तिची आठवण आली?"

"नाही राव," ध्रुव म्हणाला. "पुऱ्या घेतल्यात तळायला. जा तुम्ही."

पुढच्या रविवारी सकाळी तो मला सेव-उसळ खायला घेऊन गेला. बडोद्यात गंभीर गोष्टी सेव-उसळीवरच बोलायच्या असतात. डोळ्यांत पाणी आलं तरी तिखटाच्या नावावर खपतं. तो बाही दुमडून बसला होता. चौकोन कधीच गेला होता, टपोरी अक्षरं तेवढी होती. पहिली प्लेट होईपर्यंत त्यानं मला महीची गोष्ट सांगितली. दुसरी मागवली आणि म्हणाला, "काल डॉक्टरांना फोन केला. मे महिन्यात. मोठंच."

"आईला?"

"सांगितलं. म्हणाली, मेमध्ये फार उकडतं, जखम चिघळते, ऑगस्टची तारीख मागा. मागितली. मिळाली नाही." त्यानं उसळीवर लिंबू पिळलं. "आता हॉस्पिटलात पंखा चालतो की नाही ते विचार म्हणते."

मी बरं म्हणायला हवं होतं. पण जुनी खोड. मला एकदम ते लेकरू दिसलं, समोर गुणगुणणारं यंत्र, आणि या खेपेला तरी आपण वेळेवर अडवायला हवं असं काहीसं वाटलं. मी चमचा खाली ठेवला.

"हे बघ, तू स्वतः इन्स्पेक्टर. शंभरात तीस परत येणारा माल तू पास करशील?"

"नाही करणार."

"लाल ठिपका?"

"लाल ठिपका."

"तीन ऑपरेशनं. चालता हात. नळी गळेल, आवळेल, पुन्हा टाके. वर्षभर घरात. वहिनींचं वय. मी सगळं समजतो रे, ते पुऱ्यांचंसुद्धा समजतो. पण काय आहे, आत्ता तुझं बरं चाललंय. नोकरी आहे, नाव आहे, माणसं आहेत." माझा आवाज नको तितका वर गेला होता, शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून पाहू लागले. मी खाली वाकून, जवळजवळ कुजबुजत विचारलं, "आणि समजा बिघडलं, तर?"

त्यानं रश्शात पाव बुडवला.

"तर माझं बिघडेल, काका."